प्रशीलचे बुधवार

३ एप्रिल

फॉर्सेप्स फेकून मारला! भर ऑपरेशनमध्ये, उघड्या पोटावरून. प्रशीलची भुवई फुटली. गुन्हा काय, तर त्याने संशोधनासाठी दोन महिने मागितले. फेकणारे आमचे विभागप्रमुख, सगळे त्यांना बडेसर म्हणतात. "पेपर लिहायचेत? मग कारकून हो! सर्जनला हात लागतात, हरामखोरा, कागद नाही!"

भुवईला टाका मीच घातला. "मॅडम, तुम्ही घातलाय म्हणजे व्रणसुद्धा राहणार नाही. मग सरांवर केस कशी करू?" भडगावचा पोरगा. रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष. कशावरही हसतो.

५ एप्रिल, मेहरूण

सुट्टीला घरी. तळ्याला फेरी मारताना तेच डोक्यात. खरंच लागतात का पेपर? प्रशीलला यकृताच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप हवी आहे, चेन्नईला. देशभरातून दोन जागा. गेल्या वर्षी आमची रेसिडेंट मोनाली मुलाखतीला गेली होती. तिच्याइतका शांत हात मी पाहिलेला नाही. पहिलाच प्रश्न — पब्लिकेशन्स किती? एकही नाही म्हटल्यावर, "थँक यू, डॉक्टर." झालं!

मोठ्या शहरातल्या पोरांना लिहायला वेळ मिळतो. आमची पोरं त्या वेळात फाटलेली आतडी शिवतात. बडेसरांचं चुकत नाही. हातच लागतात. पण ते हात बघायला आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलात कोण येतंय?

९ एप्रिल

ठरलं. प्रशीलची बुधवारची इमर्जन्सी मी करायची, त्याने रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. बडेसरांना कळता कामा नये, म्हणून ड्यूटीच्या फळ्यावर नाव त्याचंच.

विषयही त्याचाच — पोटावर दगड लागलेले पेशंट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन्ही काठांवरची गावं एकमेकांवर गोफणी चालवतात. हौस म्हणून! आणि प्लीहा फुटली की आमच्याकडे येतात. "मुंबईवाल्यांकडे हे पेशंटच नाहीत, मॅडम!" काय चमकत होते डोळे.

१६ एप्रिल

पहिला बुधवार. उभं राहून कंबर मोडली. पोरगा मात्र रेकॉर्ड रूमच्या धुळीने माखून, खूश.

३० एप्रिल, आखाजी

हिलाल नावाचा मुलगा गेला. विशीचा. गोफणीच्या दगडाने प्लीहा फुटलेली. टेबलावर. मनगटापर्यंत हात त्याच्या रक्तात होते आणि रक्त थांबेना. पुढचं लिहवत नाही.

१ मे

लिहायलाच हवं.

मी बाहेर येऊन हिलालच्या वडिलांना, आधारभाऊंना, सांगितलं. मग नातेवाइकांपैकी कुणीतरी फळा वाचला. "ड्यूटी त्या प्रशीलनी शे! कोठे शे तो?" सिस्टर घाबरून खरं बोलून गेली — सर रेकॉर्ड रूममध्ये आहेत, अभ्यास करताहेत.

अभ्यास! या एका शब्दाने पेटले सगळे. सलाइनचे स्टँड उपसले, काचा फोडल्या. "मना पोऱ्या मरी ऱ्हायंता आनि तो पुस्तक वाची ऱ्हायंता!" आधारभाऊ किंचाळले. मी ओरडत होते — ऑपरेशन मी केलंय, मी! मला मारा! बाई म्हणून बाजूला ढकललं मला. प्रशील रेकॉर्ड रूमचं लोखंडी दार आतून ओढून घेत होता. फटीत त्याचा उजवा हात होता. जमावाने बाहेरून दार लोटलं. पुन्हा लोटलं. पुन्हा. तो आवाज कानातून जात नाही.

आधारभाऊंचा गळा माझ्या या हातांनी दाबावा असं वाटलं. खरंच वाटलं. ते मात्र जिन्यात बसून मुलाच्या चपला छातीशी धरून रडत होते. आता कुणावर रागावू?

फळ्यावरचं नाव मी पुसलं नव्हतं.

४ मे

तुटलेले स्नायुबंध बडेसरांनी स्वतः जोडले. एक शिवी नाही. शेवटी मास्कच्या आडून म्हणाले, "दोन महिने पाहिजे होते ना? घे." आणि बाहेर निघून गेले.

प्रशीलची आई, मंदाबाई, माझा हात सोडेचना. "अक्का, मना पोऱ्याना हात बरा हुई जाई ना?"

हो म्हटलं.

२१ जून

प्लास्टर, पट्ट्या, व्यायाम सगळं झालं. तर्जनी वाकत नाही. मधलं बोट अर्धंच. आज उशीवर टाका घालायला दिला. सुई तीनदा पडली. चौथ्यांदा त्याने उशीच भिंतीवर हाणली, मग सुईचा डबा, मग डोकं. मी मागून घट्ट धरून ठेवलं.

पेपर मात्र पूर्ण झाला! डाव्या हाताने टाइप केला सगळा. काय सुरेख लिहिलाय! हिलालही आहे त्यात.

२ ऑगस्ट

जर्नलने पेपर स्वीकारला. बडेसरांनी विभागात पेढे वाटले. प्रशीलने डाव्या हाताने घेतला.

११ सप्टेंबर

चेन्नईला निवड झाली! मुलाखत व्हिडिओवर झाली. सगळे प्रश्न पेपरावरचे. मी कॅमेऱ्याच्या मागेच बसले होते. उजवा हात त्याने शेवटपर्यंत टेबलाखाली ठेवला. हाताबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.