खारीचा तुकडा

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या रॉटवायलरला हाकलायचं ठरलं. "ही जातच वाईट," सेक्रेटरी म्हणाले. "अहो, तुम्हालाही लहानपणी कुत्रा चावला होता ना?" मी मनगटावरचा व्रण दाखवला. का दाखवला?

घरी आल्यापासून राजा डोळ्यांसमोरून हलत नाही. आमचा अल्सेशियन. शाळेतून आलो की दप्तरासकट मला आडवा करायचा आणि चहात बुडवलेली खारी माझ्याच हातून खायचा. एकदा मीच ती खारी दाखवून मागे घेत राहिलो, तो चिडेपर्यंत. बाबांना सांगितलं, उगाच चावला. त्यांनी त्याला खडकवासल्याच्या एका शेतावर सोडलं. आमच्या स्कूटरमागे किती लांब धावला होता!

व्रण बघून सगळ्यांनी सह्या केल्या. खारीचं मी आजही बोललो नाही.