ध्रुवाच्या वाटेतला माड

डेहराडून, ८ नोव्हेंबर २०२५

चि. गौरजास अ. उ. आ.

फोनवर दुर्बिणीचा विषय काढला की तोंडवलीची रेंज नेमकी मोक्याच्या वाक्याला जाते. म्हणून लेखी उत्तर. गुडघ्यांमुळे आईला दुर्बिणीशी वाकता येत नाही, तर ग्रहच लॅपटॉपवर आणून तिला खुर्चीत बसल्या जागी दाखवायचा, हा तुझा बेत मला अतिशय आवडला.

सर्वांत मोठी नळी घेऊ का, असे विचारतेस. नको. जी स्कूटरवरून तुझ्या शाळेतही नेता येईल, तीच वापरली जाते. पाच इंची मॅक्सुटोव जातीची दुर्बीण घे. तिच्यात प्रकाश आरशांवरून दुमडत जातो, त्यामुळे वीतदीड वीत नळीत दीड मीटरचे नाभीय अंतर मावते आणि ग्रह मोठा दिसतो. डोळा लावण्याच्या जागी छोटा कॅमेरा बसव आणि एक फोटो न काढता व्हिडिओ घे. हवा सतत थरथरते; हजारो चौकटींतल्या स्थिर तेवढ्या संगणक वेचतो व एकावर एक रचतो. तांदूळ निवडण्याचेच काम, फक्त खडे जास्त.

आता माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारी आणि ग्रहामागे फिरवणारी बैठक. ती विषुववृत्तीय घे. तिचा एक अक्ष ध्रुवताऱ्यावर रोखला की ग्रह चौकटीत खिळून राहतो. घरापुढच्या खळ्यातून ध्रुव मोकळा दिसतो ना, ते पाहा. मध्ये काही येत असेल तर आधी दूर कर.

ती. आईस सा. न. लोभ आहेच; उत्तरात त्याची पोच दे.

तुझा,
विराजदादा

तोंडवली, १९ नोव्हेंबर २०२५

ती. विराजदादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवले, हीच चूक झाली. आपल्या खळ्यातून उत्तर दिसते ती घर आणि लाकूडफाट्याचा मांगर यांच्यामधल्या फटीतून. त्या फटीत, कुंपणापाशी, तुझा माड उभा आहे; तू जन्मलास तेव्हा आजोबांनी लावलेला. तू सांगितल्याप्रमाणे ध्रुव शोधला, तर तो बरोबर त्याच्या झावळांमागे.

मी म्हटले, दुर्बीण किनाऱ्यावर नेईन. पण आईला वाळूत चालवत नाही, आणि तिच्यावाचून हा खटाटोप कशासाठी? तुझ्या शब्दावर विसंबून ती शांतपणे म्हणाली, "माजो झील शिकलेलो आसा. तो सांगता तर माड तोडूया. दुसरो लावूक येता." आणि लगेच आपले नारळ उतरवणाऱ्या बाबली पाडेल्याला निरोप धाडला. तो गोव्याहून परतला की कोयता घेऊन येणार आहे. त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी माडाच्या बुंध्याशी जाऊन बसते. तुला सांगू नको म्हणाली आहे.

माउंट अजून मागवलेले नाही. काय करू, ते लवकर कळव.

मायेत कमी करू नकोस, सल्ल्यात केलीस तरी चालेल.

तुझी,
गौरजा

डेहराडून, २६ नोव्हेंबर २०२५

चि. गौरजास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचताक्षणी बाबलीला फोन केला. तो म्हणाला, काळजी करू नका, "उद्या येतंय" असे मी तुमच्या आईला तीनदा सांगितले आहे. त्याच्या या उद्यावर मी जन्मभर चिडलो. आज त्याचे उपकार मानले.

चूक माझी, आणि साधी. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. इथे तो तीस अंशांवर, देवदारांच्याही वर असतो. तोंडवलीत तो जेमतेम सोळा अंशांवर, बागेतच अडकणार. मी आकाश इथल्या गच्चीवरून मोजले. तो माड किती वाढला, हेही मला ठाऊक नाही. चार वर्षे घरी आलो नाही ना.

तेव्हा विषुववृत्तीय बैठक विसर. मोटारवर चालणारी साधी बैठक घे, जी मान हलावी तशी डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरते. तिला ध्रुव लागत नाही. तिपाई समतल कर, दोन तेजस्वी तारे दाखव, पुढचे ती सांभाळते. तासाभरात चित्र किंचित गोल फिरते खरे, पण दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओत ते जाणवत नाही. नवशिक्याला हीच बरी. जानेवारीत गुरू सूर्यास्तालाच पूर्वेला उगवेल. जेवणे आटोपेपर्यंत तो छपरावर आलेला असेल.

आईला सांग, माड तोडायचा नाही. हे मात्र मोठ्याने वाच.

रागावली असशील तर तेवढा राग बाजूला ठेवून बाकीची माया पाठव.

तुझा,
विराजदादा

तोंडवली, १८ जानेवारी २०२६

ती. विराजदादास सा. न. वि. वि.

सोबत गुरूचे चित्र पाठवत आहे. पहिल्या तीन प्रयत्नांत नुसता पिवळा बत्तासा आला. चौथ्यांदा पट्टे उमटले. आई शाल गुंडाळून खळ्यात बसली होती. तिने पट्टे निरखले आणि म्हणाली, बांगड्याची पाठ अशीच असते. मग चारही चंद्र मोजून घेतले, आणि तो एकटा नाही हे बरे, असे म्हणाली.

बाबली अखेर आला. त्याच माडावर चढून नारळ उतरवून गेला. दहा नारळ तुझ्यासाठी बाजूला ठेवले आहेत. ते पोस्टाने पाठवणार होते, आईने अडवले.

मी तिला विचारले, आता किनाऱ्यापर्यंत रिक्षाने नेऊन ध्रुवही दाखवू का? तर म्हणाली, "ध्रुव खंय पळता? माजो झील इलो की तेच्यावांगडा बघतलंय."

झावळा वाऱ्याने सरकल्या की ध्रुव मधूनच दिसतो, दादा. मे महिन्याचे तिकीट काढ.

लोभ पत्रात पुरे झाला. आता समक्ष असावा.

तुझी,
गौरजा