खेकड्याचं डावं चाक

३ फेब्रुवारी

टेकलं! डावं चाक टेकलेलंच राहिलं!

चष्म्याच्या रिकाम्या डब्यांची चळत केली, मागचं उजवं चाक त्यावर चढवलं आणि डाव्याकडे श्वास रोखून बघत बसले. परवापर्यंत चार डब्या झाल्या की ते हवेत जायचं. आज सात! माझ्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी, टाळ्या वाजवायला कोणी नाही. माझ्या मीच वाजवल्या.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. आमचा खेकडा म्हणजे रिमोटवर चालणारा दोन-अडीच वितींचा ट्रक, खडकांवर चढण्यासाठी केलेला. वेग असा की मुंगी हॉर्न देऊन पुढे जाईल. वेगाशी घेणंदेणंच नाही! खडक कसाही असो, चारही चाकं त्याला चिकटून राहिली पाहिजेत. एक हवेत गेलं की पकड गेली. पकड गेली की आपण पालथे. म्हणून चाक खाली-वर जितकं जास्त जाईल तितकं बरं. अशा गाड्यांच्या आमच्या क्लबात त्याला ट्रॅव्हल म्हणतात. जुने शॉक ॲब्सॉर्बर आखूड होते, आज लांब लावले आणि त्यांची वरची टोकं चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, आत सरकवली.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवलं. पेपर खाली न करताच म्हणाले, "चाक एवढं खाली गेलं तर ते फिरवणारा आतला दांडा निसटेल."

म्हटलं, काही निसटत नाही.

४ फेब्रुवारी

दांडा निसटला.

९ फेब्रुवारी

नवा दांडा आला, दुर्बिणीसारखा लांब होणारा. आता निसटून दाखव म्हणावं!

शिवाय ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या वळताना एकमेकींना अडत होत्या. जावा-जावांसारख्या. फ्रेम घासायच्या बारीक कानशीने त्यांची टोकं घासली. आज आठ डब्या, आणि नववी जवळजवळ!

नवरा सोफ्यावर बसला आणि ताडकन उठला. स्क्रू टोचला. "माझ्या बायकोने माझ्या वडिलांना बिघडवलं की वडिलांनी बायकोला, एवढंच कोणीतरी सांगा मला."

खरं तर कोणीच कोणाला नाही. बाबा जन्मभर यार्डात क्रेनवर होते. ढगात बसून भरलेला कंटेनर असा खाली ठेवायचे की खालच्याला आवाजही येऊ नये. रिटायर झाले आणि खिडकीशी बसले. बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तर "हं". मी विरंगुळा म्हणून हा ट्रक जुळवत होते. एक दिवस आले, न विचारता रिमोट उचलला आणि पहिल्या झटक्यात खेकडा उशांच्या ढिगावर चढवला. ते अंगठे! मी बघतच राहिले. तेव्हापासून मी मिस्त्री, ते ड्रायव्हर.

२२ मार्चला बंद पडलेल्या दगडखाणीत स्पर्धा आहे. तिथला सुळका आजवर कोणाचीच गाडी चढलेली नाही. आम्हाला तोच चढायचाय.

१६ फेब्रुवारी

खाणीत पहिली चाचणी. लोटांगण! उतारावर आडवा घातला की खेकडा कोलमडतोय. तीनदा, चारदा. ट्रॅव्हल वाढवता वाढवता मी त्याला उंच आणि लेचापेचा करून ठेवलाय.

क्लबातला दाढीवाला (दर वर्षी तोच जिंकतो) हसत आला. "काय वहिनी, गाडीला झोपाळा बांधलाय का?"

बाबा म्हणाले, "बांधलाय. तुम्ही बसा, झोका देतो."

घरी येईपर्यंत हसत होतो. पण पालथा पडतो तो पडतोच.

१८ फेब्रुवारी

चुकले, आणि काय चुकले!

शॉक खोलून परत जोडताना गिऱ्हाईक आलं. त्या गडबडीत स्प्रिंग पिस्टनच्या वर बसवायची ती खाली बसली. चारही शॉकमध्ये! जमिनीवर ठेवला तर खेकडा फतकल मारून बसला. गेलं सगळं, म्हटलं. पुन्हा खोलायला बसणार, तेवढ्यात चारही चाकं डब्यांवर ठेवून सहज एका चाकाखालच्या काढल्या. चाक आपल्याच वजनाने हळूच खाली उतरलं. अगदी तळापर्यंत!

म्हणजे असं, की एरवी स्प्रिंग गाडीला उचलून धरते. आता ती खाली ओढते. पोट जमिनीलगत, म्हणून पडणार नाही. आणि खड्डा आला की चाक खाली जायला सगळी जागा मोकळी. दोन्ही हवं होतं, दोन्ही मिळालं! मी दुकानात उडी मारली. गिऱ्हाईक अजून आरशात फ्रेम बघत होतं. म्हणालं, "एवढी छान दिसतेय का?"

फार छान दिसतेय म्हटलं. दिसतही होती.

२५ फेब्रुवारी

उतारावर आडवा घातला — नाही पडला! अजून तिरका — नाही पडला! दाढीवाला गुडघ्यावर बसून खालून बघत होता. मी मुद्दाम पदर मध्ये धरला. बघू दे की थोडं कष्टाने.

एकच कुरकुर. स्पर्धेत दोन काठ्यांच्या फटीतून गाडी न्यायची असते, काठीला धक्का लागला की गुण गेले. आज डावी काठी पुन्हा पुन्हा पडली. डाव्या शॉकमध्ये काहीतरी अडतंय.

१ मार्च

डावे शॉक खोलले. तेल बदललं. पुन्हा डावीच काठी.

४ मार्च

दोन्ही ॲक्सल सुटी केली. पट्ट्या मोजल्या, डाव्या-उजव्या केसाइतक्याही वेगळ्या नाहीत. डब्यांवर चढवला, दोन्हीकडे दहा. आणि खाणीत गेलो की डावी काठी!

"गाडीच डावीकडे ओढतेय," बाबा वैतागले.

"नाही ओढत हो बाबा, मी फरशीवर सोडून बघितली, सरळ जाते."

"मग मला चालवता येत नाही म्हण ना."

आज पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी न बोलता घरी आलो.

८ मार्च

बाबा पाणी प्यायला गेले तेव्हा रिमोट मी घेतला. मी म्हणजे काय, अंगठे नव्हेत, वरवंटे. तरी खेकडा त्याच फटीतून गेला. धक्का नाही. पुन्हा नेला. पुन्हा गेला.

गाडीत काहीही बिघाड नाही.

बाबा परत आले, खेकड्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या डावीकडे, थोडी पुढे, खाली वाकलेली. हात हलवला. जोरजोरात हलवला. वळले नाहीत. मी उजवीकडे जाऊन एक बोट हलवलं, तर लगेच, "काय गं?"

काही नाही म्हटलं.

९ मार्च

सकाळीच दुकानात नेलं. नव्या खुर्चीचं निमित्त सांगितलं. बसले, समोरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. "बघ! नजर अजून क्रेनवाल्याची आहे."

"आहेच. आता फक्त माझ्या नाकाकडे बघा. बोट हललं की सांगा."

उजवीकडे वर — "हललं." उजवीकडे खाली — "हललं." डावीकडे वर — जरा थांबून, "हललं." डावीकडे खाली मी बोट हलवतेय, हलवतेय, आणि बाबा शांतपणे माझ्या नाकाकडे बघत म्हणतायत, "हलव की आता."

एक डोळा झाकून केलं. मग दुसरा. तेच.

लोकांचे डोळे तपासते मी रोज. आणि रोज समोरासमोर बसून जेवतो आम्ही.

"हललं नाही ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरून माझ्या हलत्या बोटावर ठेवला. त्यांना कळलं.

१२ मार्च

काचबिंदू. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलाय, उजव्यात थोडा. दोन्हींची खालची डावी बाजू गेली आहे. दुखत नाही, अंधार दिसत नाही, रिकामी जागा मेंदू आपल्या मनानेच भरून टाकतो. म्हणून कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलल्या, "गेलेली नजर परत येणार नाही. पण उरलेली राखता येईल, आणि उरलेली पुष्कळ आहे. वर्षभराने आला असतात तर हे म्हणू शकले नसते."

वर्षभराने! मी रिक्षात रडले आणि हसले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

बाबांनी स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. संध्याकाळी खिडकीशी बसले.

मला ती खिडकी बघवत नाही.

१४ मार्च

स्पर्धेतून नाव काढून घेऊ का, विचारलं. असे खवळले!

"नाव का काढायचं? तू चालव."

"मी? अहो बाबा, माझे हात —"

"तुझे हात मला माहीत आहेत. मी वाट दाखवतो."

"पण तुम्हाला डावीकडचं —"

"मान आहे ना मला? वळवतो! बाईंनी सांगितलंय ना, मान वळवून बघायची सवय करा."

मग अंगणात विटा रचल्या. ते पुढे, मी मागे. यार्डात खालून क्रेनवाल्याला करतात त्या खुणा शिकवल्या. तर्जनी वर म्हणजे चढव. तळवा आडवा म्हणजे सावकाश. मूठ म्हणजे जागच्या जागी थांब. मी मुठीनंतर एक वीट पाडली. "कंटेनर पडला," म्हणाले. "खाली दोन माणसं होती."

पुन्हा. पुन्हा. पुन्हा!

२२ मार्च

कुठून सुरू करू!

बाबांचे यार्डातले जुने सोबती आले होते, वर दगडांवर ओळीने बसलेले. आमची पाळी शेवटची. दाढीवाल्याची गाडी सुळक्याच्या अर्ध्यावरून घसरली होती.

बाबा खडकाशेजारी उभे. प्रत्येक पावलाला मान पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे, मग माझ्याकडे. पहिली फट — गेली! दुसरी गेली! तिसरीला मी घाई केली, काठी पडली, वरून कोणीतरी "अरेरे" केलं. बाबांचा तळवा आडवा. सावकाश.

मग सुळका. पुढचं उजवं चाक वर, अजून वर, टपाला लागेल इतकं. मागचं डावं खाली खाचेत उतरत चाललंय, उतरतंय, अजून उतरतंय — आणि टेकलं! तिथे पकड मिळाली. मूठ! थांबले. बाबा खाली वाकले, मान वळवून ते डावं चाक स्वतः बघितलं. मग तर्जनी वर.

चढला!! खेकडा सुळक्यावर!! दाढीवाला माझ्याआधी ओरडला.

पडलेल्या काठीमुळे दुसरे आलो. दाढीवाला पहिला, आणि तोंड दुसरा आल्यासारखं. "वहिनी, त्या स्प्रिंगा कशा बसवल्यात?" सांगितलं की चुकून. विश्वास बसला नाही.

बाबा सोबत्यांच्या घोळक्यात. हातवारे करून काहीतरी सांगत होते, एकेकाच्या तोंडाच्या बाजूला बोट हलवत होते. सगळे हसत होते.

३० मार्च

सकाळी दुकान उघडलं तर बाबा दारात, मागे ते सगळे सोबती. "घे एकेकाला," म्हणाले. "नाकाकडे बघायला लाव."

पहिले तिघे ठीक. चौथा त्यांच्यात सगळ्यात तरुण, सारखी थट्टा करणारा. माझं उजवीकडचं बोट त्याला दिसलंच नाही. एकदाही नाही.

तो अजून रिटायर झालेला नाही. उद्या सकाळच्या पाळीला क्रेनवर चढणार होता.