नाव टाळलं, वाट सांगितली

रविवार, ११ मे. बाळकुम

कल्याणपुढच्या त्या गावात आज पुन्हा गेलो. ओढ्याकाठी गाड्याच गाड्या, डोहात पोहणाऱ्यांचा गोंगाट. पेपरातल्या माझ्या सहलींच्या सदरात गावाचं नाव मुद्दाम दिलं नव्हतं. वाट मात्र वळणावळणासकट दिली. नाव टाळलं म्हणून वर समाधानही मानलं!

गेल्या खेपेला मला जेवू घालणाऱ्या सुमनवहिनी दारातच भेटल्या. "भाऊ, मस्त लिवलंत हां. आता आम्ही बाया अंधारातच आंघोळ उरकतो. दिवसा डोहावर तुमचे पाहुणे!"

त्या हसत होत्या. मला हसू येईना. ती वळणं इतकी रंगवून लिहायची काय गरज होती?

"गर्दी करू नका, असं छापतो," मी म्हणालो.

"नको हो! आणखी येतील."

मग त्यांनी चहा दिला. मी तो प्यायलोही.