चौथ्या ट्रॅकवरची ताई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितपत). तुझी कंबर कशी आहे? मी पाठवलेला चष्मा नीट बसला ना? "असा हलका चष्मा जन्मात मिळाला नव्हता," असं तू फोनवर म्हणालीस. ते वाक्य मी जपून ठेवलंय, कारण सध्या तुझं दुसरंच एक वाक्य गावभर फिरतंय.

तर, तुझ्या चिरंजीवांचा अल्बम अखेर निघाला. खिडकीला गाद्या टेकवून तो वर्षभर माझ्या मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. संगीत इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे वाद्य एकही नाही. माझ्या वॉशिंग मशीनची धडधड, जिन्याच्या दाराचं कुरकुरणं आणि माझं सकाळचं खाकरणं (मला न विचारता) घेऊन त्यावर ठेका चढवलाय. अल्बमचं नाव 'मूळ पत्ता', विषय अस्मिता आणि राजकारण. पहिल्या ट्रॅकमध्ये एक यंत्र सारखं आडनाव विचारतं, आणि सांगितलं तरी समाधान न झाल्यासारखं पुन्हा विचारतं. (हे त्याला कुठून सुचलं असेल, ते आपल्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.)

चौथ्या ट्रॅकवर तू आहेस. घाबरू नकोस, गात नाहीयेस. खालचा गाळा चष्मेवाल्याला द्यावा का, असं मी तुला विचारलं होतं, आठवतं? तू त्याला पाहिलंही नव्हतंस, नुसतं नाव ऐकून फोनवर आवाज पाठवलास: "आपल्यातला नाही ना? मग नको. आपल्यातलेच बरे!" मी गाळा त्यालाच दिला (तुला सांगितलं नाही, कारण मीही आपल्यातलाच, म्हणजे भित्रा). तो निरोप चिरंजीवांनी माझ्या फोनवर ऐकला आणि म्हणाले, "मामा, सोनं आहे हे! लोकांना आरसा दाखवतो. ऐकून लाज वाटेल त्यांना." मी म्हटलं, अरे, लाज वाटायला आधी आवाज कमी करावा लागतो. पण ऐकतो कोण? कानात इयरफोनची बोंडं.

पहिल्यांदा अल्बम ऐकवला तेव्हा खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. चष्मेवाला पुढे बसला होता. चौथा ट्रॅक संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाईंचा आवाज खणखणीत आहे हं. आमच्या आत्याचाही असाच. ती तुमच्या लोकांबद्दल हेच म्हणते." आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेवढंच काय ते त्या अल्बमचं यश.

पुढे निवडणूक आली आणि एका पक्षाला तुझं वाक्य आवडलं. मनापासून आवडलं, हीच पंचाईत. गाडीवर कपाटाएवढे स्पीकर लावून "आपल्यातलेच बरे! आपल्यातलेच बरे!" वाजवत ते आपल्या रस्त्यावर आले आणि पोरं बेभान नाचली. चिरंजीव चपला न घालताच खाली धावले आणि ड्रायव्हरला समजावू लागले, की अहो, ही टीका आहे, तुमच्यावरच आहे! ड्रायव्हर म्हणाला, "अर्थ तुम्हीच ठेवा साहेब, ठेका आम्हाला द्या." एकाने चिरंजीवांसोबत फोटो काढून घेतला. दुसऱ्याने त्याच ठेक्यात गाळ्यावर दगड मारला. मग इतरांनीही मारले. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता रस्त्यावर पडला, त्यावरूनच पोरं नाचत होती.

मी काच गोळा करायला खाली गेलो. चष्मेवाला झाडूवर भार देऊन उभा होता. म्हणाला, "तो आवाज तुमच्या ताईंचा ना? तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, जिन्यात ऐकू येतो." मी मान हलवली. "राग आहे का त्यांना माझ्यावर? आमची तर कधी भेटही नाही." ताई, आयुष्यभर माझी जीभ चुरूचुरू चालली, पण तिथे मी वाकून काचाच वेचत राहिलो.

चिरंजीवांनी अल्बम काढून टाकलाय, पण गाड्यांवर तो वाजतोच आहे. मागच्या खोलीत आता ठोका नाही, काही नाही. इतकी शांतता मला सोसत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सगळं रामायण एका कामासाठी. चष्मेवाला गाळा सोडतोय. त्याच खणखणीत आवाजात एक निरोप पाठव. माफी वगैरे मागू नकोस, तुला जमायची नाही. "थांबा" एवढंच म्हण. तुझा आवाज आहे, माणूस थांबेल.

ता. क. २ : ज्या चष्म्यातून तू हे वाचते आहेस, तो त्यानेच बनवलाय. तुझ्या जुन्या चष्म्याने नाकावर वळ उठतात, असं मी बोललो होतो. म्हणून त्याने हलकी फ्रेम शोधून आणली.

ता. क. ३ : पाकीट बंद करायला घेतलं आणि खाली त्याचं सामान न्यायला टेम्पो लागला. निरोप पाठवू नकोस आता. आणि चष्म्याची दांडी सैल झाली तर तिकडेच कुणाकडून तरी घट्ट करून घे. आपल्यातलाच बघ.