डब्यातली भाकरी

पुष्पलतावहिनी,

डबा घासून ओट्यावर ठेवला आहे, आज भरू नका. बोईसरच्या तांदळाच्या भाकरीवर पेपरात लिहिताना चार खानावळींत तुमची शेवटच्या नंबरावर टाकली, ‘भाकरी चिवट’ म्हणून. बाकी तीन ठिकाणी मी तव्यावरची गरम खाल्ली. तुमची मात्र दुपारी तीनला, डब्यातली. हे वाचकांना सांगितलं नाही.

काल तुम्ही एवढंच म्हणालात, “भावजी, चिवट हाय तर रोज डबा पुसून कसा खाता तुमी?”

चूक कबूल करणारा मजकूर संपादकांना दिलाय, उद्या छापून येईल. माझ्या लेखामुळे खानावळ बंद ठेवू नका. आज दुपारी तिथेच येऊन बाकावर बसेन. वाढायचं की नाही, तुम्ही ठरवा.

मेहुल