ज्वारीच्या पोत्यातला वजनकाटा

आई,
तुझा फोन घरीच राहिलाय, म्हणून चिठ्ठी. धनू शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. चौकातल्या दवाखान्यात सलाईन लावलंय, चिठ्ठी ठेवून मी परत तिथंच जातोय. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाते? मी म्हटलं, बिनसाखरेचा चहा पिते, मग आई काट्यावर उभी करते. ते हसले नाहीत. म्हणाले, चौथीतल्या पोरीला सकाळी डाळ, दूध, दही पोटभर पाहिजे. उपाशी ठेवलं की संध्याकाळी राक्षसासारखी भूक लागणारच.

येताना मुगाची धिरडी आण. काटा मी ज्वारीच्या पोत्यात पुरलाय, भाकरी खाऊन पोतं संपलं की सापडेल.

डोळे उघडल्यावर धनू पहिलं हेच बोलली, "दादा, सलाईननं वजन वाढतंय काय? वाढलं तर आईला सांगू नको की."

सांगतोय. लवकर ये.

गुरु